मागच्या सीटवरची दोघं

दीप्तीला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा तो उभ्यानं झोपत होता.

भिगवण रस्त्यावरच्या एका इमारतीखाली, भिंतीला टेकून. धुकं इतकं दाट होतं की आधी खांद्यावरच्या सोनेरी पट्ट्या दिसल्या, मग माणूस दिसला. तिनं गाडी थांबवली. त्यानं बॅग पुढच्या सीटवर टाकली, मागचं दार उघडलं, "गुड मॉर्निंग, ऋषीभाऊ" म्हणाला आणि सीटबेल्ट लावता लावता पुन्हा झोपून गेला.

ऋषीभाऊ म्हणजे दीप्तीचा थोरला भाऊ ऋषिराज. तो त्या वेळी भवानीनगरला घरी, पायाला प्लास्टर घालून, खाटेवरून सगळ्यांना कामं सांगत होता. त्याची गाडी बारामतीच्या एका लहानशा विमान कंपनीकडं लावलेली होती. सकाळी पायलटांना त्यांच्या खोल्यांवरून उचलायचं, विमानतळावर सोडायचं, संध्याकाळी परत आणायचं. ट्रॅक्टरवरून उतरताना ऋषिराजचा पाय मोडला, बदली ड्रायव्हरला पहाटे उठणं जमेना, आणि वडिलांनी, म्हणजे आबासाहेबांनी, दीप्तीकडं बघितलं.

"तुला येतीय की गाडी. जा मग तूच, त्याचा पाय बरा हुस्तवर."

दीप्ती शेतीची पदवी घेऊन घरच्या शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, लाल-पिवळी ढोबळी मिरची पिकवत होती. तिला वाटलं, चला, पहाटे गाडी आणि दिवसभर मिरची. त्यात काय एवढं.

बाई पुरुषाच्या डोळ्यांत बघून प्रेमात पडते, असं सगळीकडं लिहिलेलं असतं. दीप्तीला तर डोळे दिसलेच नाहीत. तिला आरशात दिसलं ते किंचित उघडं राहिलेलं तोंड, दाढी करताना हनुवटीखाली सुटून गेलेले चार केस, आणि मांडीवर पालथी पडलेली लांब बोटं. झोपलेल्या माणसाकडं बघायला भीड पडत नाही. तिनं मनसोक्त बघून घेतलं… आणि समोरचा गतिरोधक मात्र बघितला नाही.

गाडी उडाली, आपटली. तो दचकून जागा झाला.

"तुम्ही… ऋषीभाऊ नाही."

"नाही. बहीण त्यांची. आणि तुम्ही पायलट का?"

"हो."

"मग मुंबईपर्यंत असंच जाता, डोळे मिटून?"

तो हसला. झोपेतून उठल्या उठल्या माणूस इतकं छान हसू शकतो, हे तिला माहीत नव्हतं.

"नाही नाही. वर मॅडम असतात. त्या झोपू देत नाहीत."

अशी ती मॅडम आधी दीप्तीच्या कानात आली, मग गाडीत.

कसब्यातल्या एका वळणावर कॅप्टन संजीवनी उभ्या होत्या. उंच, कापलेले केस, मनगटावर पुरुषी मोठं घड्याळ, आणि अंगाला लिंबाच्या साबणाचा वास. त्यांनीही बॅग पुढं टाकली आणि मागं, त्याच्या शेजारी बसल्या. आणि इतका वेळ पेंगणारा तो – अद्वय त्याचं नाव, कऱ्हाटीचा, वडील निवृत्त प्राध्यापक – एकदम ताठ बसला नि म्हणाला,

"मॅडम, तुम्ही काय खाल्लं आज?"

"उपमा."

"बरं. मग मी पोहे खातो."

आणि खानावळीच्या पिशवीतून त्यानं पोह्यांचा डबा काढला.

दीप्तीनं आरसा थोडा वाकडा केला. का, ते तिला तेव्हा कळलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "मॅडम, तुम्ही काय खाल्लं?" "इडली." "मग मी ऑम्लेट." तिसऱ्या दिवशीही तेच. एवढी काळजी आबासाहेबांनी आईची उभ्या जन्मात केली नव्हती. ते ताटावर बसल्यावर विचारायचे, मीठ कुठाय.

कंपनीकडं विमानं मोजकीच, तीही बुटकी. शेपटीवर पोपट रंगवलेला, म्हणून सगळा मुलूख त्यांना पोपटाचं विमान म्हणायचा. बारामती, मुंबई, जळगाव, नांदेड, परत मुंबई, परत बारामती. एसटीसारखं. उतरायचं, माणसं उतरवायची, माणसं भरायची, उडायचं. मधल्या वेळात पायलटांनीच सामानाचं वजन बघायचं, विमानाभोवती चक्कर मारायची, आणि जमलं तर पंखाच्या सावलीत उभ्यानं दोन घास खायचे. कंपनी जेवण देत नसे. सुट्टी देई, पण ती रस्त्यावरच्या वाऱ्यासारखी, आली म्हणेपर्यंत गेलेली. उद्या कुठं जायचं ते आदल्या संध्याकाळी फोनवर यायचं, आणि सकाळी बदलायचं.

हे सगळं अद्वयनं तिला तक्रार म्हणून सांगितलं नाही. धुक्यामुळं विमान खोळंबलं की मॅडम आत हवामान बघत बसायच्या, आणि तो बाहेर गाडीला टेकून तिच्याशी बोलायचा, तेव्हा थोडं थोडं गळायचं. थकलेल्या पायलटनं 'आज नाही' म्हणायचा हक्क कागदावर होता, तो म्हणाला. पण असं म्हणणाऱ्याला कंपनीत आळशी समजत, आणि मग त्याचं कॅप्टन होणं मागं पडे.

"म्हणजे तुम्ही कधीच नाही म्हणत नाही?" तिनं विचारलं.

"मला जमत नाही. नाही म्हणायला निघालो की तोंडातून हो येतं."

"हे बरंय," दीप्ती म्हणाली. "म्हणजे कुणीही काहीही विचारावं."

"विचारून तर बघा."

तिचे कान तापले होते. थंडीत कानांना बरं वाटलं.

मग एकदा तो म्हणाला, "वरून तुमचं शेत दिसतं."

"काहीही. वरून सगळा ऊसच दिसत असणार."

"कारखान्याच्या धुराच्या डावीकडं, कालव्याला लागून एक पांढरा चौकोन आहे. तेच तुमचं शेडनेट. रोज बघतो."

त्या दिवशी दीप्ती मिरच्या तोडायच्या सोडून शेडनेटच्या दारात उभी राहिली. गाळप जोरात होतं, हवेत मळीचा गोडसर वास भरलेला. पोपटाचं विमान उसावरून वळलं, उन्हात चमकलं, आणि तिचा हात आपोआप वर गेला. आणि तसाच अर्ध्यावर थांबला. कारण तिला आठवलं, वर दोन खुर्च्या आहेत. शेजारी शेजारी. खांद्याला खांदा लागेल इतक्या.

तिनं हात खाली घेतला आणि कामाच्या बायकांवर उगाच खेकसली.

मत्सर हा फार कष्टाळू असतो. त्याला सुट्टी लागत नाही. गाडी चालवताना दीप्ती आता रस्त्यापेक्षा आरसा जास्त बघू लागली. मॅडम काहीतरी सांगायच्या, तो मान डोलवायचा. मॅडम खोकल्या की तो पाण्याची बाटली पुढं करायचा. उसाच्या ट्रॉल्या आडव्या आल्या की एरवी वैतागणारी दीप्ती आता ओव्हरटेक करत नसे, कारण हळू गाडीत बोलणं नीट ऐकू येतं. आणि ऐकू काय यायचं? तर उपमा.

शेवटी तिनं ठरवलं, आपणही काहीतरी करायचं. भरली ढोबळी, बाजरीची भाकरी, लसणीचा ठेचा, असा डबा तिनं स्वतः उठून केला. आई झोपेतून म्हणाली, कुणाचा गं डबा? दीप्ती म्हणाली, गाडीचा. सकाळी तिनं तो अद्वयच्या हातात दिला, मॅडम यायच्या आधी. त्यानं डब्याकडं बघितलं, मग तिच्याकडं. त्याचे डोळे झोपाळू होते तरी नीट दिसले. दिवस छान गेला.

संध्याकाळी डबा घासून, पुसून परत आला.

"कसं होतं?" तिनं आरशात न बघता विचारलं.

"मॅडमना फार आवडलं."

"…आणि तुम्हाला?"

"मी बिस्किटं खाल्ली. मॅडमनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, म्हणून मी…"

तो पुढं काही सांगणार होता. तिनं रेडिओ मोठा केला. मागं बसलेल्या मॅडम काही कळून न कळल्यासारखं बाहेर बघत राहिल्या, आणि म्हणाल्या, "ठेचा अप्रतिम होता हं, दीप्ती." दीप्तीनं ती भाकरी कुणाच्या पोटात गेली याचा इतका विचार केला की तिला रात्रीचं जेवण गेलं नाही.

आणि वर त्याच आठवड्यात तिनं ते बोलणं ऐकलं. दोघं गाडीत बसून हळू आवाजात काही ठरवत होती. आधीचं काही कळलं नाही. शेवटी अद्वय म्हणाला ते मात्र स्वच्छ ऐकू आलं.

"तुम्ही सांगाल तेव्हा मॅडम. मी तुमच्यासोबत आहे."

झालं. दीप्तीनं मनातल्या मनात त्यांचं लग्न लावून टाकलं.

तरीही, त्याला जेव्हा कधी नव्हे ती सुट्टी मिळाली आणि त्यानं भीत भीत विचारलं, "तुमचं शेत जमिनीवरून बघायला येऊ?", तेव्हा ती या म्हणाली. रागावलेल्या माणसाला ज्याच्यावर राग आहे तो समोर लागतोच.

तो मोटरसायकलवरून आला. पाठीवर बॅग. सुट्टीच्या दिवशी बॅगेत काय, असं आईनं विचारलं. "गणवेश," तो ओशाळून म्हणाला. "बोलावलं तर." आबासाहेब त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "आमचा बैल बी पोळ्याला सुटतो की, बाबा." त्यांनी त्याला आग्रहानं वाढलं, ऋषिराजनं प्लास्टरवर सही मागितली, आणि जेवण झाल्यावर दीप्ती त्याला शेडनेट दाखवायला घेऊन निघाली. ते बाहेरून बघून झालं. आत जाण्याआधी घरच्या पेरूबागेच्या पॅकिंग शेडमध्ये पाणी प्यायला थांबले. ती तांब्या घेऊन वळली तोवर तो रिकाम्या पोत्यांच्या थप्पीवर आडवा झाला होता. गाढ.

ती शेजारी क्रेटवर बसली. पेरूचा वास, पत्र्यावर चिमण्यांची टकटक. किती वेळ बसली कोण जाणे. तिचा राग हळूहळू निवत आला होता…

तेवढ्यात त्याचा फोन थरथरला. पडद्यावर नाव – संजीवनी मॅडम.

ती बघत राहिली. वाजून बंद झाला. पुन्हा वाजला. आजसुद्धा? सुट्टीच्या दिवशीसुद्धा? तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा तिनं फोन उचलला, आणि पेरूला घालायच्या फोमच्या जाळ्यांच्या ढिगात खोल खुपसून टाकला. ढीग पांढरा, मऊ, निरागस. त्यानं फोन गिळून टाकला.

ऊन कलल्यावर मात्र त्याच ढिगातून भोंग्यासारखा आवाज आला. कंपनीच्या नंबरला त्यानं तो वेगळा आवाज लावून ठेवला होता. तो ताडकन उठला, जाळ्या उपसून फोन काढला, आणि डोळेही नीट उघडायच्या आत म्हणाला, "हो सर. हो. निघतो."

संध्याकाळच्या विमानाला दुसरा कॅप्टन येतोय, सहवैमानिक हवाय. सुट्टी पुढं कधीतरी.

"फोन तिथं कसा गेला?" शर्टाची बटणं लावत त्यानं विचारलं.

"पडला असेल," दीप्ती म्हणाली.

तिनंच त्याला गाडीतून नेलं. तो टाय बांधत होता, आणि गाठ पुन्हा पुन्हा चुकत होती.

विमानतळाच्या फाटकाशी संजीवनी मॅडम उभ्या होत्या. गणवेशात नाही, साध्या सलवार-कमीजमध्ये. त्यांनी अद्वयला पट्ट्यांसकट उतरताना बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"आलास तू," त्या म्हणाल्या.

"मॅडम? तुम्ही आजारी आहात ना? कंपनीतून म्हणाले…"

"आजारी नाही, दमलेय. तूही दमलायस. आज आपल्या दोघांचा विश्रांतीचा दिवस आहे, तो मोडणार नाही, असं लिहून दिलंय मी. आपलं ठरलं होतं तसं. तुझंही नाव घातलं. तुला सांगायला तीनदा फोन केला. व्यवस्थापक आत्ता मला म्हणाले, 'तुमचा जोडीदार तर ताजातवाना आहे, निघालाय. दमणं फक्त बायकांनाच होतं का?'"

अद्वयनं फोन बघितला. पडद्यावर मॅडमचे तीन सुटलेले फोन होते.

"मला कळलंच नाही. मी… मी झोपलो होतो."

"मग आता काय म्हणतोस? तू आत गेलास तर मी एकटी खोटी ठरते."

दीप्तीला सगळं एकदम कळलं. ते ठरवणं कशाचं होतं, सोबत कशात होती. गाडीत बसून राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. पण तिचे पाय आधीच खाली आले होते.

"मॅडम, फोन मी लपवला. त्याला वाजलेला ऐकूच आला नाही."

दोघंही तिच्याकडं बघू लागली.

"का गं?" मॅडमनी विचारलं.

"तुमचं नाव दिसलं म्हणून." आता तिला थांबता येईना. "रोज तो तुम्हाला विचारतो, काय खाल्लं. रोज. मी पहाटे उठून डबा केला, तोसुद्धा तुम्हाला दिला. मला त्यानं एकदाही विचारलं नाही, दीप्ती, तू काही खाल्लंस का म्हणून… आणि मला तो आवडतो. म्हणून."

फाटकावरचा शिपाई खुर्चीवरून अर्धवट उठला. अद्वय टायची सुटलेली गाठ धरून उभा राहिला. आणि कॅप्टन संजीवनी – त्या आधी ओठ दाबून बघत राहिल्या, मग गाडीच्या बॉनेटला टेकल्या आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

"अगं वेडे… तो नियम आहे. दोन पायलटांनी एकसारखं अन्न खायचं नसतं. बाधलं तर दोघं एकदम आडवी होतील, मग विमान कोण उतरवणार? मी उपमा खाल्ला की त्यानं उपमा सोडायचा. तुझा डबा त्यानं मला दिला, कारण मी उपाशी होते आणि बाकी काही मिळत नव्हतं. मी खाल्ला म्हणून त्याला खाता आला नाही. दिवसभर त्या ठेच्याचा वास घेत बसला होता बिचारा."

दीप्तीला वाटलं, धावपट्टी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

अद्वय तिच्याकडं बघत होता. मग तो वळून मॅडमना म्हणाला, "चला आत. मी सांगतो त्यांना. मी फोन ऐकला नाही इतका गाढ झोपलो होतो, आणि अजून टायची गाठ येत नाहीये. असल्या माणसानं विमान न्यायचं नसतं."

"नाही म्हणायला जमेल?"

"बघू," तो म्हणाला, आणि दोघं आत गेली.

बराच वेळ गेला. मग प्रवासी पिशव्या घेऊन बाहेर येऊ लागले. इंदापूरचे एक काका दीप्तीला म्हणाले, "पायलट दमला म्हणून इमान न्हाय. आमची एसटी दमती व्हय कधी?" दीप्तीला हसू आलं आणि रडूही. म्हणजे त्याला जमलं होतं.

पण तो बाहेर आला तेव्हा शेजारी कंपनीचे व्यवस्थापक होते. त्यांनी त्याला सरळ कंपनीच्या जीपमध्ये बसवलं. त्यानं तिच्याकडं बघितलं, काहीतरी बोलायला थांबला… जीप निघून गेली. नियम मोडला नव्हता म्हणून दोघांना काढता आलं नाही, तर कंपनीनं जोडी तोडली. अद्वयची बदली नांदेडला. तिच्या त्या भर फाटकातल्या बोलण्याला उत्तर न देताच तो गेला.

आणि दीप्तीच्या वाट्याला रोज सकाळी कोण उरलं? मॅडम. नवा सहवैमानिक विमानतळाशेजारीच राहायचा, त्याला गाडी लागत नसे.

पहिल्या दिवशी मॅडम मागंच बसल्या. दुसऱ्या दिवशी मॅडमनी बॅग मागं टाकली आणि पुढं येऊन बसल्या. दीप्तीनं माफी मागितली. मॅडम म्हणाल्या, कंपनीत एवढी वर्षं काढली, पण माझ्यावर इतकं मनापासून कुणी जळलं नव्हतं, बरं वाटलं. मग दीप्तीनं धीर करून विचारलं, तुम्हाला तो खरंच कधी…? मॅडमनी विचार केला. "मला त्याची एकच गोष्ट आवडते. विमान उतरवताना तो गप्प बसतो."

कंपनी त्या दोघांवर चिडली खरी, पण दोघांनी मिळून दिलेला कागद मागं घेतला गेला नव्हता. हळूहळू इतर पायलटांनीही तसेच कागद दिले, आणि सुट्टी सुट्टीच्या दिवशी यायला लागली. तशा एका सुट्टीला मॅडम भवानीनगरला आल्या. आईनं हुरडा भाजला. दीप्तीनं त्यांना शेडनेटमध्ये नेलं, रोपांना दोऱ्या कशा बांधतात ते दाखवलं. मॅडमनी पिवळी मिरची तिथंच चावून खाल्ली आणि दोघी कशावरून तरी खळखळून हसत होत्या, तेवढ्यात दीप्तीचा फोन वाजला.

अद्वय. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

"हॅलो… कोण हसतंय तिथं?"

"मॅडम. हुरडा खायला आल्यात."

"मॅडम तुमच्याकडं? शेतावर?"

"आत आहोत. शेडनेटमध्ये."

"आत?" त्याचा आवाज बदलला. "मला तर बाहेरूनच दाखवलं होतं."

"तुम्ही झोपलात."

"हो, पण… उठवायचं ना. आणि त्या रोज पुढं बसतात म्हणे आता. मला ऋषीभाऊंनी सांगितलं. तुम्ही दोघी रोज एवढं काय बोलता? मला फोन करायचा धीर होईना म्हणून मी इथं दिवस घालवतोय, आणि तिकडं मॅडम…"

दीप्ती क्रेटवर बसली. हा आवाज तिच्या ओळखीचा होता. ही धुसफूस, ही उगाच चौकशी, हे मोजून मापून दुखावणं… हा तर तिचाच आवाज, फक्त पुरुषाच्या गळ्यातून येत होता.

"अद्वय," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तुम्ही सोडलं, "तू जळतोयस."

पलीकडं नांदेडचा वारा ऐकू आला.

"हो."

"मॅडमवर?"

"मॅडमवर. ऋषीभाऊंवर, रोज तुझ्या हातचं जेवतात म्हणून. माझ्या जागी आलाय त्या पोरावर. त्या चिमण्यांवरसुद्धा, शेडवरच्या. आणि त्या दिवशी फाटकात द्यायचं होतं ते उत्तर… मला नीट सांगता येत नाहीये, दीप्ती."

मॅडम पिवळी मिरची चावत, न ऐकल्याचं सोंग करत, दोन ओळी पलीकडं सरकल्या.

दीप्तीनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि जाळीच्या भिंतीला पाठ टेकून आरामात बसली.

"नीट नको सांगू," ती म्हणाली. "आणखी थोडा जळ. ऐकायला बरं वाटतंय."

आणि तो भला माणूस, जरा वेळ विचार करून, जळण्याच्या यादीतलं पुढचं नाव सांगू लागला.